सहा मीटर खोलीवरचा वाद : अर्केनासची वाटचाल

इंडोनेशियाच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संशोधन केंद्राला तिथली मंडळी थोडक्यात 'अर्केनास' म्हणत. दक्षिण जाकार्तातल्या या सरकारी संस्थेचे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नसेल. पण फ्लोरेस बेटावर सापडलेल्या साडेतीन फुटी प्राचीन मानवाबद्दल, म्हणजे 'हॉबिट'बद्दल, बहुतेकांनी वाचलेले असते. तो कोण, आजारी माणूस की मानवाची वेगळीच जात, यावर जगभरच्या विद्वानांनी वर्षानुवर्षे रकानेच्या रकाने भरले. त्या वादाची गोष्ट बहुधा त्या विद्वानांच्या नावाने सांगितली जाते. ती ज्यांनी चर खणला, हाडे सांभाळली आणि टीका झाल्यावर पुन्हा त्याच चरात उतरून पुरावा वर आणला, त्या संस्थेच्या बाजूने सांगायला हवी. वाद मिटत आला तो मुख्यतः त्यांच्या चिकाटीमुळे.

पाया

संस्थेचे मूळ डच राजवटीत आहे. १४ जून १९१३ रोजी डच ईस्ट इंडीजच्या सरकारने पुरातत्त्व खाते सुरू केले आणि एन. जे. क्रोम त्याचे पहिले प्रमुख झाले. खात्याचे लक्ष साहजिकच जावातल्या बोरोबुदूर, प्रांबानान अशा मंदिरांकडे अधिक होते. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये आर. सोक्मोनो हे खात्याचे पहिले इंडोनेशियन प्रमुख झाले. पुढे १९७० च्या दशकात जतनाचे आणि संशोधनाचे काम वेगळे करण्यात आले आणि संशोधनाच्या शाखेतून 'अर्केनास' उभी राहिली.

प्रागितिहासाची बाजू सांभाळली ती रादेन पांजी सोयोनो यांनी. डच संशोधक व्हॅन हीकरेन यांच्या हाताखाली ते तयार झाले. देशाचा इतिहास मंदिरे आणि शिलालेखांच्याही फार आधी सुरू होतो, आणि तो शोधण्यासाठी आपली माणसे तयार करावी लागतील, हे त्यांनी ओळखले होते. पुढे ते संस्थेचे प्रमुख झाले.

या जाणिवेला एक जुनी सल होती. १८९१ मध्ये यूजीन डुबुआ यांना जावातल्या त्रिनील इथे 'जावा मानवा'ची कवटी सापडली आणि ती नेदरलँड्सला गेली. शोध जावातला, कवटी लायडेनच्या संग्रहालयात आणि वाद युरोपच्या सभागृहांत, असे त्या काळी घडले. तो संग्रह इंडोनेशियाला परत करण्याचे नेदरलँड्सने मान्य केले ते थेट २०२५ मध्ये. आपल्या मातीतली हाडे आपल्या देशात राहावीत आणि त्यांच्यावर आपल्या माणसांनी लिहावे, हा आग्रह अर्केनासच्या पुढच्या प्रत्येक निर्णयामागे दिसतो.

लिआंग बुआचे पहिले चर

फ्लोरेस हे जावाच्या पूर्वेला, बालीच्याही पलीकडे असलेले बेट. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा जावा, बाली आशियाच्या भूमीला जोडले गेले, पण फ्लोरेस कधीच जोडले गेले नाही. तिथे पोचायचे तर पाणी ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणूनच तिथे प्राचीन मानवाची खूण सापडणे ही साधी बाब नव्हती.

ती खूण पहिल्यांदा पाहिली थिओडोर व्हर्हूवन या डच धर्मगुरूंनी. ते फ्लोरेसवरच्या मातालोको इथल्या पाठशाळेत शिकवत. सोआ खोऱ्यात त्यांना स्टेगोडॉनच्या हाडांसोबत दगडी हत्यारे मिळाली. स्टेगोडॉन म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला भाऊबंद. आपल्या शिवालिक टेकड्यांतही त्याचे जीवाश्म सापडतात. माणूस फ्लोरेसवर साडेसात लाख वर्षांपूर्वी पोचला असावा, असे व्हर्हूवन यांनी मांडले. एका धर्मगुरूच्या या दाव्याकडे तज्ज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही. रुतेंग गावाजवळची लिआंग बुआ ही चुनखडकाची भव्य गुहाही त्यांनीच खणायला घेतली. १९५० च्या सुमारास तिथे गावची शाळा भरत असे. १९६५ मध्ये तिथे त्यांनी मोठे उत्खनन केले.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोयोनो अर्केनासची तुकडी घेऊन तिथे आले आणि १९८९ पर्यंत टप्प्याटप्प्याने काम चालले. भर होता वरच्या थरांवर, म्हणजे शेतीच्या आणि धातूच्या काळातल्या दफनांवर. पण या वर्षांत एक गोष्ट घडली, जिचे मोल पुढे कळले. गुहेच्या आसपासच्या मांग्गाराई गावकऱ्यांच्या हाताला उत्खननाची सवय लागली. मातीचा रंग कुठे बदलला, ढेकूळ कुठले आणि हाड कुठले, हे त्यांना स्पर्शाने कळू लागले.

सातवा विभाग

१९९८ मध्ये माइक मॉरवुड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकाने आणि त्यांच्या इंडोनेशियन सहकाऱ्यांनी सोआ खोऱ्यातल्या माता मेंगे इथल्या हत्यारांचे वय आठ लाख वर्षांहून जास्त असल्याचे दाखवले. व्हर्हूवन यांचा अंदाज खरा ठरला. मग २००१ मध्ये सोयोनो आणि मॉरवुड यांनी मिळून लिआंग बुआ पुन्हा उघडली. मॉरवुड ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या माणसांचा माग काढत होते. सोयोनो यांना आपले अर्धवट राहिलेले काम पुरे करायचे होते. जागेवरची धुरा थॉमस सुतिक्ना, वाह्यू साप्तोमो, जात्मिको आणि रोकुस दुए आवे या अर्केनासच्या माणसांवर होती.

पूर्वेच्या भिंतीलगत दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद असा चर घेतला होता. त्याला सातवा विभाग म्हणत. चर जसजसा खोल गेला तसतसे कडा ढासळू नयेत म्हणून लाकडी फळ्यांचा आधार दिला. एकेक थर खरवडून काढलेली माती पोत्यांत भरून वर ओढायची, आधी कोरडी चाळायची आणि मग जवळच्या भातशेतात नेऊन पाण्याने चाळायची, असा क्रम होता. उंदराचा दातसुद्धा निसटता कामा नये, ही शिस्त होती.

सप्टेंबर २००३ च्या सुरुवातीला जवळपास सहा मीटर खोलीवर बेन्यामिन तारुस या स्थानिक खणणाऱ्याची खुरपी एका कवटीला लागली. मॉरवुड त्या दिवशी जागेवर नव्हते आणि सुतिक्ना तापाने फणफणून रुतेंगच्या मुक्कामी पडले होते. खाली साप्तोमो होते. प्राण्यांची हाडे ओळखण्यात मुरलेल्या रोकुस यांनी पाहताक्षणी सांगितले की हे माणसाच्या कुळातले आहे. आकारावरून आधी लहान मूल वाटले. मग दात दिसले. दाढा पूर्ण उगवलेल्या आणि झिजलेल्या होत्या, म्हणजे हा प्रौढ जीव होता. संध्याकाळी मंडळींनी ही बातमी आणली तेव्हा आपला ताप कुठल्या कुठे पळाला, असे सुतिक्ना यांनी पुढे सांगितले आहे.

ही हाडे दगड झालेली नव्हती. दमट मातीत ती ओल्या टीपकागदासारखी मऊ पडली होती आणि बोट लागले तरी खचत. मंडळींनी ती आधी उघड्यावर सुकू दिली. मग नखांचा रंग काढायचे द्रावण आणि डिंक यांचे मिश्रण करून त्यांवर थेंब थेंब सोडले, आणि भोवतालच्या मातीसकट तुकडे कापून वर घेतले. महागडी प्रयोगशाळा हाताशी नसताना मिळेल त्या सामानावर हे काम निभावले. जगाने पुढे जे वाचले त्याचा पाया या सावध हातांनी घातला होता.

मोहरीने मोजलेला मेंदू

हाडे जाकार्तात आल्यावर मॉरवुड यांचे सहकारी पीटर ब्राऊन यांनी ती तपासली. कवटीत किती जागा आहे हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे तिच्यात मोहरी भरायची आणि ती मोजायची. माप भरले ३८० घनसेंटिमीटर. पुढे क्ष-किरणांच्या संगणकीय छायाचित्रणाने ते ४२० च्या आसपास नक्की झाले. आपला मेंदू सरासरी साडेतेराशेच्या घरातला असतो. मेंदूचा हा आकार चिंपांझीच्या जवळचा होता. उंची १०६ सेंटिमीटर, हनुवटीचा पत्ता नाही, हात लांब आणि पाय आखूड. हाडे बहुधा तिशीतल्या एका स्त्रीची होती. नोंदीत तिला एलबी१ हा क्रमांक मिळाला.

२८ ऑक्टोबर २००४ रोजी 'नेचर'मध्ये दोन शोधनिबंध आले आणि 'होमो फ्लोरेसिएन्सिस' ही नवी जात जाहीर झाली. वय दिले होते सुमारे १८,००० वर्षे. टोल्किन यांच्या कादंबरीतल्या बुटक्यांवरून पडलेले हॉबिट हे टोपणनाव एका दिवसात जगभर पोचले. निबंधांवर अर्केनासच्या माणसांची नावे होती. पण वर्तमानपत्रांनी श्रेय बहुतांशी ऑस्ट्रेलियन संशोधकांना दिले. इंडोनेशियात याची नाराजी उमटली आणि ती रास्त होती.

हाडांचा प्रवास

यानंतरचा काळ संस्थेच्या इतिहासातला सर्वांत अवघड म्हणावा लागेल. योग्यकार्ताच्या गाजा मादा विद्यापीठातले तेउकू याकोब हे इंडोनेशियातल्या मानवी जीवाश्मांचे सर्वांत ज्येष्ठ अभ्यासक. परदेशी गेलेल्या जावातल्या कवट्या मायदेशी आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता. नवी जात त्यांना मान्य नव्हती. हा आधुनिक माणूसच आहे, ठेंगण्या वंशातला आणि मेंदूची वाढ खुंटलेला, असे त्यांचे मत होते. २००४ च्या अखेरीस हाडे अर्केनासमधून त्यांच्या प्रयोगशाळेत गेली. फेब्रुवारी २००५ मध्ये बहुतेक परत आली तेव्हा त्यांना इजा झालेली होती. दुसऱ्या एका व्यक्तीचा खालचा जबडा मोडून वेडावाकडा चिकटवलेला होता आणि एलबी१ चे कटीचे हाड फुटले होते. साचे काढताना हे झाले, असा मूळ शोधकांचा आरोप होता. आपल्याकडे असताना काही झाले नाही, असे याकोब यांचे उत्तर होते. त्यानंतर लिआंग बुआतले उत्खनन काही काळ बंद राहिले आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाले.

या घटनेत एक गुंता आहे. २००६ मध्ये याकोब आणि सहकाऱ्यांनी आपली बाजू अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मांडली, तेव्हा त्या निबंधावर सोयोनो यांचेही नाव होते. २००४ च्या निबंधावरही त्यांचे नाव होते. एकाच ज्येष्ठाची सही वादाच्या दोन्ही बाजूंना, आणि संस्थेची तरुण पिढी त्यातल्या एका बाजूला. असा पेच आला की अनेक संस्था मोडून पडतात, गट पडतात, काम थांबते. अर्केनासच्या सुतिक्ना, साप्तोमो, जात्मिको यांनी ज्येष्ठांचा मान राखला आणि उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा चर पुढे खणला. मला या वाटचालीतला हा टप्पा सर्वांत मोठा वाटतो.

निदानांची रांग

दरम्यान आजारांची यादी वाढत गेली. मेंदूची वाढ खुंटणे हे पहिले निदान. २००५ मध्ये डीन फॉल्क यांनी कवटीच्या आतल्या पोकळीचा संगणकीय साचा करून हा आकार त्या विकारात बसत नाही असे दाखवले. शिकागोच्या फील्ड म्युझियमचे रॉबर्ट मार्टिन यांनी त्यावर आक्षेप घेतला : बेटावर राहून शरीर लहान झाले, तरी मेंदू इतका लहान होणार नाही. २००७ मध्ये लॅरॉन विकाराचे नाव पुढे आले, २००८ मध्ये आयोडिनच्या अभावाने येणाऱ्या खुजेपणाचे, २०१४ मध्ये डाउन सिंड्रोमचे. या शंका घेणारे साधे लोक नव्हते. एका कवटीवर नवी जात उभी करू नये, हा त्यांचा आग्रह शास्त्राच्या दृष्टीने योग्यच होता.

त्याचे उत्तर आले मनगटातून. बोटांच्या मुळाशी ट्रॅपेझॉइड नावाचे एक छोटे हाड असते. आपल्यात ते बुटाच्या आकाराचे असते. वानरकुळात ते पाचरीसारखे निमुळते असते. एलबी१ च्या मनगटातले हाड पाचरीसारखे आहे, हे मॅथ्यू टोचेरी यांनी २००७ मध्ये दाखवले. या हाडांचा आकार गर्भाच्या पहिल्या काही महिन्यांतच ठरतो. जन्मानंतर वाढीत येणारा आजार तो असा मागे नेऊ शकत नाही. २००९ मध्ये विल्यम जंगर्स आणि सहकाऱ्यांनी पावलाचा अभ्यास मांडला : पाऊल मांडीच्या हाडाच्या ७० टक्के लांब, अंगठा आखूड. आपल्यात हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास असते.

आणि तोपर्यंत लिआंग बुआतून निदान नऊ व्यक्तींचे अवशेष निघाले होते. दुसऱ्या जबड्यालाही हनुवटी नव्हती. दुसऱ्या एका व्यक्तीच्या मनगटाची हाडे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीही त्याच जुन्या घडणीची निघाली. एक माणूस आजारी असू शकतो. पिढ्यान्पिढ्या सगळ्यांना एकच दुर्मिळ आजार, तोही मनगटापासून पावलापर्यंत, असे म्हणणे अवघड झाले. हे जादाचे पुरावे उत्खनन चालू राहिले म्हणूनच हाती आले.

गुहेपासून जवळच रामपासासा हे ठेंगण्या लोकांचे गाव आहे. याकोब यांनी त्यांचे उदाहरण दिले होते. २०१८ मध्ये त्या गावकऱ्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निअँडरथल आणि डेनिसोव्हन मानवांचा अंश आढळला, होमो फ्लोरेसिएन्सिसचा म्हणता येईल असा एकही धागा नाही. त्यांची उंची आधुनिक माणसांतच, स्वतंत्रपणे कमी झाली होती.

स्वतःची तारीख स्वतः बदलली

२००७ पासून सुतिक्ना आणि सहकाऱ्यांनी चर चौफेर वाढवले. स्मिथसोनियन संस्थेसारखे नवे सहकारी आले. सुतिक्ना यांनी ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात पीएचडीचे काम लिआंग बुआवरच केले. थरांचा माग घेता घेता त्यांच्या लक्षात आले की जुना अर्थ चुकला होता. हाडे असलेला जुना गाळ एकेकाळी पाण्याने तिरका कापला गेला होता आणि त्या उतारावर पुढे नवा गाळ साचला होता. दोन मीटरच्या चरात ही तिरकी रेषा दिसली नव्हती. वय काढण्यासाठी घेतलेला कोळसा त्या नव्या गाळातला होता. हाडांच्या शेजारचा वाटला, तरी तो त्यांच्या काळातला नव्हता.

३० मार्च २०१६ रोजी 'नेचर'मध्ये निबंध आला. पहिले नाव थॉमस सुतिक्ना यांचे. हाडांचे वय एक लाख ते साठ हजार वर्षे, दगडी हत्यारांचे सुमारे एक लाख नव्वद हजार ते पन्नास हजार वर्षे. ज्या अठरा हजार वर्षांच्या आकड्याने जगाचे लक्ष वेधले होते, तो आकडा शोधकांनी स्वतः मागे घेतला. विरोधकांनी पकडण्याआधी आपणच आपले काम तपासले आणि सुधारले, याला मी संस्थेच्या परिपक्वतेची खूण मानतो. नव्या वयाने एक अडचणही दूर केली. आधुनिक माणूस लिआंग बुआत दिसतो तो सुमारे ४६,००० वर्षांपूर्वी. म्हणजे दोघे हजारो वर्षे शेजारी राहूनही माग कसा उरला नाही, हे कोडे सोडवण्याची गरज उरली नाही.

त्याच वर्षी बांदुंगच्या भूविज्ञान संग्रहालयाच्या आणि गर्ट व्हॅन डेन बर्ग यांच्या तुकडीने माता मेंगे इथले जबड्याचा तुकडा आणि दात जाहीर केले. वय सुमारे सात लाख वर्षे, आणि आकार लिआंग बुआच्या मानवाहूनही लहान. २०२४ मध्ये तिथल्याच एका प्रौढाच्या दंडाच्या हाडावरून उंची मीटरभर ठरली. आजाराच्या सिद्धान्ताला आता जागा उरली नव्हती. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरच्या कायाओ गुहेतल्या 'होमो लुझोनेन्सिस'ची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि बेटांवरच्या छोट्या मानवांची गोष्ट एकट्या फ्लोरेसची राहिली नाही.

पुढची वाट

जो वाद उरला आहे तो निरोगी आहे. जावातला होमो इरेक्टस कधी तरी फ्लोरेसवर पोचला आणि अपुऱ्या अन्नामुळे पिढ्यांमागून पिढ्या लहान होत गेला, हे योउसुके काइफू यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत. डेबी आर्ग्यू आणि इतरांना मनगट, जबडा आणि खांदा पाहता तो होमो हॅबिलिससारख्या त्याहून जुन्या, आफ्रिकेतल्या पूर्वजाच्या जवळचा वाटतो. निर्णय लागेल तो आणखी हाडे मिळाल्यावर. दहा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे फ्लोरेसवर सापडली आहेतच. त्यांना हाताळणारे कोण होते, हे त्या थरात खणल्यावरच कळेल.

अलीकडच्या काळात इंडोनेशियाने राष्ट्रीय संशोधन व नवोन्मेष संस्था, म्हणजे 'ब्रिन', उभी केली आणि अर्केनास तिच्यात विलीन झाली. स्वतंत्र नाव गेले. प्रांतोप्रांतीची जुनी पुरातत्त्व कार्यालयेही त्या रूपात राहिली नाहीत. मोठ्या छत्राखाली निधी आणि उपकरणे मिळतील, पण कार्यालयाला आपले म्हणणारी आणि एका गुहेला वीस-वीस वर्षे देणारी माणसे टिकतील का, याची काळजी वाटते. सोयोनो २०११ मध्ये गेले, मॉरवुड २०१३ मध्ये. याकोब २००७ मध्येच गेले होते. त्यांचे मतभेद कागदावर उरले आहेत, आणि हाडे इंडोनेशियात.

डच काळात फ्लोरेस-जावाची माणसे परदेशी विद्वानांसाठी माती उपसत. २००४ मध्ये त्यांची नावे निबंधावर आली, पण मथळ्यांत आली नाहीत. २०१६ मध्ये देशाच्या सर्वांत गाजलेल्या शोधाची दुरुस्ती इंडोनेशियन संशोधकाने पहिल्या नावाने जगासमोर मांडली. हे अंतर कापायला शंभर वर्षे लागली, आणि ते कापले गेले ते सोयोनो यांनी तयार केलेल्या माणसांमुळे, बेन्यामिन तारुस यांच्यासारख्या गावकऱ्यांच्या हातांमुळे, आणि हाडे देशातच राहिली म्हणून. नव्या व्यवस्थेने या तीन गोष्टी सांभाळल्या, तर फ्लोरेसच्या मानवाचा पूर्वज कोण, या उरलेल्या प्रश्नाचे उत्तरही याच मंडळींकडून येईल, असा मला विश्वास वाटतो.